ए-आर-ई ‘अरे’: शिक्षकांचे प्रशिक्षण आखणाऱ्यांना खुले पत्र

डी.एल.एड.चा, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेचा, अभ्यासक्रम ठरवणारे, सेवांतर्गत प्रशिक्षणाची मोड्यूल लिहिणारे आणि ती आमच्यापर्यंत पोचवणारे सुलभक, आपणां सर्वांस सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये मी खोडरबर घेऊन बसले आणि तिसरीच्या इंग्रजीच्या 11 पुस्तकांतली पेन्सिलीची अक्षरे खोडून काढली. पुस्तके वापरलेली होती, चौथीत गेलेल्या मुलांकडून सरावासाठी मागून घेतलेली. प्रत्येक ओळीच्या डोक्यावर बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेले. ‘धिस इज माय हाऊस. देअर इज अ ट्री.’ काही ठिकाणी अक्षर मुलांचे, काही ठिकाणी कुणाच्या आईचे किंवा ट्यूशनच्या ताईचे, आणि दोन पुस्तकांत चक्क माझे. पुस्तके साफ करून वाटली आणि मुलांना पहिले पान वाचायला सांगितले. याच मुलांना दुसरीत ‘इंग्रजी वाचन उत्तम’ असा शेरा मिळाला होता. आता एकही तोंड उघडेना. एकाने हळूच विचारले, “बाई, वरचं कुणी पुसलं?”

मुले पुस्तक वाचत नव्हती, पेन्सिल वाचत होती. शेरा मीच दिला होता.

मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, पट 29. माझी नोकरी 2006 पासूनची, म्हणजे शिक्षणसेवक असताना मानधनावर पहिलीला ‘वन लिटल फिंगर’ शिकवणाऱ्या पिढीतली. मी स्वतः एबीसीडी शिकले पाचवीत. 2000 सालच्या जूनपासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी आले, तेव्हा प्रा. रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री होते आणि वर्तमानपत्रांत त्या निर्णयावर रणधुमाळी चालू होती. कोणती भाषा कितवीपासून, हा वाद आपल्याकडे नेहमीच खमंग होतो. 2025 मध्ये पहिलीपासूनच्या तिसऱ्या भाषेवरून पुन्हा तेच झाले. एप्रिलमध्ये एक आणि जूनमध्ये दुसरा असे दोन शासन निर्णय निघाले आणि जूनअखेर दोन्ही रद्द झाले. त्या धुरळ्यात मी वाट पाहत होते की कोणीतरी विचारेल, वाचायला शिकवणार कोण आणि त्याला ते शिकवले कोणी? प्रश्न काही आला नाही.

म्हणून तो मी तुम्हाला विचारते, कारण उत्तर तुमच्या हातात आहे.

डी.एड.ला (डी.एल.एड.चे तेव्हाचे नाव) इंग्रजीचे सराव पाठ मी नीट घेतले होते. टाचण वेळेवर, उद्दिष्टे वर्तनाच्या भाषेत, फ्लॅशकार्डे रंगीत. पाठाचे टप्पे ठरलेले: आदर्श वाचन, अनुवाचन, प्रकट वाचन. आदर्श वाचन मी करायचे, अनुवाचनात मुलांनी माझ्यामागून म्हणायचे, आणि प्रकट वाचनात एकेकाने उभे राहून तेच पुन्हा म्हणायचे. तीन टप्प्यांत मुलाच्या डोळ्याला अक्षराशी झटापट करायची वेळ एकदाही येत नाही. कानाने ऐकले, तोंडाने म्हटले, बोट मात्र ओळीवरून फिरले. मराठीच्या तासाला हे खपून जाते, कारण मराठी अक्षरे मुलांना वेगळी शिकवलेली असतात. इंग्रजीत अक्षरओळख म्हणजे ‘ए फॉर ॲपल’ची आरती आणि शब्दओळख म्हणजे ‘सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’. तुम्हीही त्याच आरतीत वाढलात, मीही. आता थोडा वेळ मूल होऊन ती ऐका. सी, ए, टी हे तीन आवाज जोडले तर ‘सीएटी’ होते. त्यातून ‘कॅट’ कुठून आले? बाईंनी म्हटले म्हणून आले. म्हणजे पहिल्याच शब्दाला मूल शिकते की इंग्रजीत अक्षरांवरून काही कळत नसते, बाई सांगतील ते लक्षात ठेवायचे असते. हुशार मूल ते चारशे शब्दांपर्यंत रेटते. बाकीची पेन्सिल शोधतात.

शिक्षक पात्रता परीक्षेत 150 पैकी 30 प्रश्न दुसऱ्या भाषेचे असतात, आमच्याकडे बहुतेकांची ती इंग्रजी. चार पर्यायांतून एक निवडायचा. पात्र ठरलेल्या शिक्षकाने आयुष्यात एकदाही एखाद्या मुलाला अडखळत इंग्रजी वाचताना शेजारी बसून ऐकले आहे की नाही, हे त्या कागदावर कसे दिसणार? नंतर प्रशिक्षणे होतात, नाही असे नाही. मी केलेल्या प्रशिक्षणांत गाणी शिकले, खेळ शिकले, वर्गात इंग्रजीतून सूचना द्यायला शिकले, आणि टाळेबंदीनंतर दीक्षा ॲपवर चित्रफिती पुढे न ढकलता शेवटपर्यंत बघायलाही शिकले. गाण्यांचा उपयोग झाला, खरेच झाला. पण मूल वाचताना चुकले तर ती चूक कुठून आली, हे ओळखायला कोणी शिकवले नाही. चुकीवर लाल शाईने फुली मारता येते, एवढेच मला येत होते.

खोडरबरच्या त्या दिवसानंतर मी एक शंभरपानी वही केली. रोज दोन मुले, प्रत्येकी पाच मिनिटे, शेजारी बसवून वाचून घ्यायची आणि जसे ऐकू येईल तसे लिहायचे. दुरुस्त करायचे नाही. हे न बोलता ऐकत राहणे मला फार जड गेले. शिक्षकाची जीभ फार चटकन सुटते.

वहीतली पहिली काही पाने वाचून दाखवते. ए-आर-ई: ‘अरे’. डब्ल्यू-ए-एस: ‘वास’. टी-ओ: ‘तो’. एच-ई: ‘हे’. एम-ए-एन: ‘मन’. एम-ए-पी: ‘माप’. टी-ए-पी: ‘ताप’. जे-यू-एन-ई: ‘जुने’.

पहिल्यांदा मी हसले. शिक्षक खोलीत (खोली कसली, व्हरांड्यातले टेबल) सहकाऱ्यांना वाचून दाखवले, तेही हसले. मग ‘जुने’वर मी थांबले. हे पोर जूनला जुने का म्हणते? आमच्या फाट्यावर पाटी आहे. तिच्यावर पी-यू-एन-ई असे लिहिलेले आहे आणि त्याचा उच्चार पुणे आहे, हे त्याला पक्के ठाऊक आहे. मग पहिले अक्षर बदलून जे केले तर जुने होणार नाही तर काय होणार? गणितात मी याला शाबासकी दिली असती.

रोमन अक्षरे आमच्या मुलांना शाळेच्या आधी भेटतात, पण ती मराठी बोलत भेटतात. गावाच्या पाटीवर, दुकानाच्या नावात, ट्रॅक्टरच्या मागे, आणि आता बापाच्या मोबाईलवर, जिथे सगळे गाव रोमनमधून ‘काय करतोस’ लिहिते. तिथे ए म्हणजे अ किंवा आ, शेवटचा ई म्हणजे ए, आणि कोणतेच अक्षर गप्प बसत नाही. हा नियम मुलाने स्वतः, कोणी न शिकवता शोधून काढलेला असतो. इंग्रजीच्या तासाला तो नियम मोडतो, आणि तो मोडतो हे त्याला कोणी सांगत नाही. नुसती फुली मिळते.

माझ्या वर्गातली एक मुलगी ए-आर-ई बरोबर ‘आर’ वाचायची. ‘अरे’ वाचणारा मुलगा तिच्या मागच्या रांगेत. माझ्या जुन्या हिशोबाने ती पुढे, तो मागे. मग मी दोघांना फळ्यावर एक बिनअर्थाचा शब्द लिहून दिला, एम-आय-बी. तो जरा घुटमळून ‘मिब’ म्हणाला. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिने शब्द पाठ केले होते. वाचत होता तो. दोन वर्षे मी उलटे शेरे दिले.

इंग्लंडमध्ये 2012 पासून शाळेच्या पहिल्या इयत्तेच्या शेवटी मुलांची एक छोटी तपासणी होते. 40 शब्द, त्यातले 20 असेच बिनअर्थाचे, शेजारी परग्रहावरच्या प्राण्यांची चित्रे, म्हणजे मुलाला वाटावे की हे त्या प्राण्याचे नाव आहे. पाठांतर आणि वाचन वेगळे काढायची ही युक्ती मला आवडली. फक्त एक गोष्ट आहे. ती तपासणी जशीच्या तशी आमच्या वर्गात आणली तर मुलांना 40 च्या 40 शब्द परग्रहावरचेच वाटतील.

खरी अडचण इथे आहे. गावोगावी आता फोनिक्सचे क्लास निघालेत, आमच्यातले कितीतरी शिक्षक पदरचे पैसे घालून ऑनलाइन कोर्स करतात. एस, ए, टी, पी, आय, एन या क्रमाने अक्षरांचे आवाज शिकवायचे आणि जोडून शब्द वाचायचे. क्रम शहाणपणाचा आहे. मराठीतही आपण क-ख-ग-घ पासून सुरू करत नाही, ग-म-भ-न पासून करतो, कारण थोड्या अक्षरांत लगेच शब्द करता येतात. इंग्रजीतले हे त्यांचे गमभन. मराठीत जे शहाणपण आपल्याकडे मुरले आहे ते इंग्रजीच्या तासाला आपण दाराबाहेर का ठेवतो आणि ए ते झेड सरळ रांगेत का चालतो, हे मला कळलेले नाही.

मीही हा क्रम वापरून पाहिला. मुलाने एन-ए-पी बघून बरोबर ‘नॅप’ वाचले. आणि मग माझ्याकडे पाहिले, ‘झालं?’ अशा नजरेने. काही झालेच नव्हते. इंग्रजी घरातल्या मुलाने नॅप म्हटले की त्याच्या कानात तो शब्द आधीच असतो, दुपारच्या झोपेसकट. आवाज जुळला की अर्थ आपोआप धावत येतो. आमच्या मुलाच्या कानात तिथे काहीच नाही.

फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर या दोघा अभ्यासकांनी 1986 मध्ये वाचनाचे एक साधे गणित मांडले. अक्षरांवरून शब्द ओळखता येणे गुणिले ती भाषा ऐकून कळणे, म्हणजे वाचून कळणे. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असो, उत्तर शून्य. आमची ‘सी ए टी कॅट’ची आरती पहिली बाजू शून्य ठेवते. विकतचे फोनिक्स दुसरी बाजू शून्य ठेवते. गाणी-गप्पांचे प्रशिक्षण दुसरी बाजू जरा वाढवते आणि पहिलीला हात लावत नाही. हा गुणाकार मला नोकरीच्या सतराव्या वर्षी, एका मैत्रिणीने पाठवलेल्या लेखातून कळला. तो डी.एड.च्या पहिल्या महिन्यात फळ्यावर लिहून द्यायला किती वेळ लागला असता?

अमेरिकेत हा प्रश्न आपल्यापेक्षा वेगळ्या तोंडाने उभा राहिला. घरी स्पॅनिश किंवा दुसरी भाषा बोलणारी लाखो मुले तिथल्या शाळांत येतात, आणि त्यांना वाचायला शिकवणाऱ्या शिक्षकांना नेमके काय यायला हवे यावर तिथे बरीच डोकेफोड झाली आहे. 2000 साली तिथल्या राष्ट्रीय वाचन समितीने पाच गोष्टी सांगितल्या: बोललेल्या शब्दातले सुटे आवाज ऐकू येणे, अक्षर आणि आवाज यांचे नाते, ओघ, शब्दसंग्रह, आकलन. 2006 मध्ये दुसऱ्या एका समितीने फक्त या परभाषक मुलांबद्दलचे संशोधन तपासले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की या पाची गोष्टी या मुलांनाही लागतात, पण तेवढ्याने भागत नाही. तोंडी इंग्रजी सोबत वाढवावे लागते, नाहीतर मुले शब्द इतरांच्या बरोबरीने वाचतात आणि उताऱ्याच्या अर्थाला अडतात. आणि घरच्या भाषेत वाचता येणे ही अडचण नाही, ती मदत आहे.

शेवटचे वाक्य मी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवले. अर्थात तिथले मूल शाळेतून बाहेर पडले की रस्त्यावर, दुकानात, टीव्हीवर इंग्रजीत पडते. आमचे मूल बाहेर पडले की तुरीच्या रानात पडते. त्यामुळे तिथले काही उचलून आणा असे मी म्हणत नाही. पण आमच्या मुलांकडे मराठी वाचन आहे, आणि त्याचा वापर कसा करायचा हे तुम्ही आम्हाला शिकवू शकला असता.

उदाहरण देते. मुले ‘बॅट’ जोडताना ‘ब-ॲ-ट’ म्हणतात आणि ते ‘बअॅट’ असे काहीतरी लांबते. मी कितीदा सांगितले की ब चा छोटा आवाज काढा. मग एके दिवशी चौथीतल्या पोराने फळ्यावर ब लिहून त्याचा पाय मोडला. ब्. “बाई, असा ना?” तसाच! व्यंजनाचा सुटा आवाज दाखवायला आपल्या लिपीत पाय मोडायची सोय आहे. इंग्रजीच्या वर्गात मराठी लिहू नये असा दंडक असल्यामुळे मला ती सुचली नव्हती.

त्यावरून पुढची वाट सापडली. मराठी मूल बाराखडीवर वाढलेले असते. व्यंजनाला स्वर चिकटवून एकदम उच्चारणे त्याच्या हाडीमासी असते. कॅट-बॅट-रॅटच्या यमकात शब्द ‘ब्’ आणि ‘ॲट’ असा फुटतो. आमचे मूल तो ‘बॅ’ आणि ‘ट’ असा फोडते. मग मी बाराखडीच घातली. आता आपल्या शाळांत ॲ आणि ऑ धरून चौदाखडी झालेलीच आहे, त्यामुळे बॅ, बॉ मुलांना नवे नाहीत. इंग्रजीची मी पाचखडी केली: बी पुढे ए, ई, आय, ओ, यू. बॅ, बे, बि, बॉ, ब. शेवटच्या यू ला मुले थबकली. मी म्हटले, हा आपला तो अ, जो आपण लिहीतच नाही. कप, बस, टब. मराठीत तो अक्षराच्या पोटात असतो, इंग्रजीत त्याला बाहेर काढून यू लिहितात. हे भाषाशास्त्राला शंभर टक्के मान्य होईल असे नाही, आणि पाचखडीच्या पलीकडे इंग्रजी स्वरांचे जंगल आहे हेही खरे. पण पहिल्या दीडशे शब्दांना ते पुरले. 11 पैकी 8 मुले दिवाळीपर्यंत न ऐकलेला तीन अक्षरी शब्द वाचू लागली. उरलेल्या तिघांतल्या दोघांना मराठी वाचनच पक्के नव्हते, आणि तिसरी मुलगी दसऱ्यानंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली ती मार्चमध्ये परत आली.

एका अक्षराचे दोन उच्चार असतात हे मुलांना कसे पटवायचे, यावर मी बराच काळ अडले होते. कॅट मधला ए, केक मधला ए, कार मधला, बॉल मधला. मुले वैतागतात: “बाई, यांचं एक काहीतरी ठरलेलं का नसतं?” मग फळ्यावर दोन शब्द लिहिले, चार आणि चाक. वाचा. दोन्ही वाचले. पुन्हा वाचा, च कडे लक्ष देऊन. पहिले काही क्षण काही नाही, मग एकदम गलका. चार मधला च वेगळा, चाक मधला वेगळा! जीभ आणि जागा, झेंडा आणि झाड. हे तुम्हाला कोणी शिकवले, मी विचारले. कोणीच नाही. मग कसे कळते? एक मुलगी म्हणाली, “चाक माहितीये ना, म्हणून.”

तिने गॉफ आणि टनमर मला पुन्हा एकदा समजावले. शब्द कानात असेल तर डोळा निभावून नेतो.

मग कानात असलेले इंग्रजी शब्द गोळा करू, असे ठरवले. मुलांना सांगितले की घरात, रानात, रस्त्यावर जे इंग्रजी शब्द आपण मराठी म्हणून बोलतो ते आणा. बस, बॅग, कप, मग, पिन, पेन, टब, फॅन, गॅस, पंप, नेट, सेट, व्हॅन, बिल, बेल, हे तर पहिल्याच दिवशी. एकाने ‘डिझेल’ आणले, एकाने ‘हॅलोजन’, एकीने ‘सोनोग्राफी’. रिक्षाही आली, ती जपानी निघाली हे सांगितल्यावर तिला वर्गातून काढायचे की नाही यावर वाद झाला. पण यादीकडे नीट बघा. पहिले पंधरा शब्द जवळजवळ सगळे छोट्या स्वराचे, साध्या स्पेलिंगचे आहेत, वाचायला शिकवणाऱ्याने हवेत म्हणून मागावेत तसे. बी-यू-एस जोडून एक मुलगा म्हणाला, “बस. म्हणजे आपली यष्टी?” त्याला अर्थ सांगावा लागला नाही. नॅपच्या वेळी जी नजर होती ती इथे नव्हती.

आणि भिंतीवर आम्ही लावतो काय? आय फॉर आइस्क्रीम, ज्यातून आय चा ‘इ’ हा आवाज कधी कानावर पडतच नाही. ओ फॉर आऊल, जिथे ऑ ऐवजी आऊ ऐकू येते. आय फॉर इग्लू निदान आवाजाला बरोबर आहे, पण मे महिन्यात 43 अंश तापणाऱ्या गावात बर्फाचे घर समजावण्यात तास जातो. हे तक्ते बाजारातून येतात, तुमच्याकडून नव्हे, मान्य. पण तक्ता विकत घेताना काय बघायचे हे शिक्षकाला कोणी शिकवायचे?

माझी पहिली नेमणूक नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात होती. तिथे मुले पावरी बोलत. मराठीच त्यांची शाळेत शिकायची भाषा होती, इंग्रजी त्याच्याही पलीकडची. तिथे मी ‘कॅट म्हणजे मांजर’ शिकवत असे, आणि मांजर म्हणजे काय हे सांगायला मोठ्या वर्गातल्या मुलीला बोलवावे लागे. वर जे पाचखडीचे सांगितले ते त्या मुलांना तसेच्या तसे लागू होणार नाही, कारण ज्या मराठीच्या खांद्यावर मी इंग्रजी बसवते ती मराठीच तिथे अजून उभी राहायची असते. मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, गोंडी बोलणारे मूल, यांच्यासाठी तिथल्या शिक्षकांच्याच वह्या लागतील. राज्याला एक मोड्यूल पुरत नाही, असे म्हटले की वरून उत्तर येते की खर्च परवडत नाही. वही 40 रुपयांना मिळते.

ग्रामीण भागातल्या मुलांना किती येते हे बघणाऱ्या ‘असर’च्या पाहणीत पाचवीतल्या मुलांना इंग्रजीची सोपी वाक्ये वाचायला देतात. देशाच्या ग्रामीण भागात ती वाचू शकणारी मुले 2016 मध्ये 24.7 टक्के होती, 2022 मध्ये 24.5. मध्ये टाळेबंदी गेली हे धरूनही, आधीच्या आकड्यात तरी अभिमान वाटावा असे काय होते? चारातली तीन मुले पाचवीत सोपे वाक्य वाचू शकत नाहीत, आणि आपण मात्र सेमी इंग्रजीचे वर्ग सुरू करण्याच्या घाईत आहोत, म्हणजे ज्याला इंग्रजी वाचता येत नाही त्याच्या हातात इंग्रजीतले गणित द्यायचे. पालकांना ते हवे असते. मीही आई आहे, मला कळते का हवे असते.

आपल्याकडे वाचनाचा विचारच झालेला नाही, असे मी म्हणणार नाही. मॅक्सीन बर्नसन अमेरिकेतून आल्या, फलटणला राहिल्या, इथल्या नागरिक झाल्या, आणि वस्तीतली मुले शाळेत जाऊनही वाचायला का शिकत नाहीत या एका प्रश्नामागे त्यांनी अनेक वर्षे काढली. मराठी वाचनाबद्दल त्यांच्या प्रगत शिक्षण संस्थेने जे काम उभे केले ते राज्यभर वाखाणले गेले. मराठीचे वाचन शिकवण्यावर इतका विचार होऊ शकतो, तर मराठी मुलाच्या इंग्रजी वाचनावर का नाही? ब्रिटिश कौन्सिल आणि टाटा ट्रस्टच्या सोबतीने 2016 ते 2019 मध्ये चाललेल्या तेजस प्रकल्पात शिक्षकांचे छोटे गट ठराविक दिवसांनी भेटत, आपापल्या वर्गातले सांगत. ती भेटण्याची रीत चांगली होती. तशा गटात एखाद्या मुलाच्या वाचनाचे ध्वनिमुद्रण ऐकले आणि ‘हे असे का वाचले असेल’ यावर अर्धा तास बोललो, तर पाच दिवसांच्या पीपीटीपेक्षा जास्त हाती लागेल.

माझे मागणे म्हणाल तर एकच आहे, बाकी सगळे त्यातून निघेल. आम्हाला मूल ऐकायला शिकवा. डी.एल.एड.च्या आंतरवासितेत प्रत्येक छात्राध्यापकाच्या वाट्याला एक मूल द्या, रोज दहा मिनिटे. टाचणाऐवजी त्या मुलाच्या चुकांची वही तपासा, आणि वहीत फक्त ‘चूक’ असे लिहिले असेल तर परत करा. ‘वास’ का वाचले, ‘जुने’ का वाचले, हे लिहून आणायला सांगा. प्रशिक्षणात आम्हाला मराठीत बोलू द्या. इंग्रजीतून प्रशिक्षण झाले की पन्नास शिक्षकांतले पाच बोलतात आणि पंचेचाळीस ‘येस मॅडम’ म्हणून वहीत फुले काढतात. मीही काढली आहेत. आणि मिनिटाला किती शब्द वाचले हे घड्याळ इंग्रजीला लावायची घाई करू नका. केंद्र सरकारच्या निपुण भारत अभियानात तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान 60 शब्द अर्थासह वाचावेत असे उद्दिष्ट आहे. ते ज्या भाषेत मूल जगते तिच्यासाठी ठीक. इंग्रजीत आम्हाला घड्याळ दिले तर आम्ही काय करू हे मी तुम्हाला आत्ताच सांगते. आम्ही पेन्सिल काढू.

आमच्या केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद दर महिन्याला होते. तुमच्यापैकी कोणीही एकदा या. अर्धा तास पुरे, पडदा आणि प्रोजेक्टर नको. मी चार मुले घेऊन येईन, दोन ‘अरे’ वाचणारी आणि दोन ‘आर’ वाचणारी. तुम्ही त्यांच्या शेजारी बसून ऐका आणि मग आम्हाला सांगा की उद्या सकाळी कोणाला काय शिकवायचे. तुम्हाला जमले तर आम्ही शिकू. नाही जमले तर निदान कुठून सुरुवात करायची ते आपल्या सगळ्यांना एकाच वेळी कळेल. तारीख तुमच्या सोयीची. मुलांना आणायचे माझ्याकडे लागले, सकाळी नऊची यष्टी आहे. पुस्तकेही आमचीच आणू, खोडलेली.

आपली नम्र,
एक प्राथमिक शिक्षिका